नामसाधर्म्य आणि ओळखनिश्चिती : मराठी साहित्य व इतिहासातील काही उदाहरणांचा अभ्यास

प्रस्तावना

नाव हे व्यक्तीच्या ओळखीचे पहिले साधन मानले जाते. तथापि, एकच नाव अनेक व्यक्तींना असू शकते, त्यामुळे केवळ नावावरून व्यक्तीची निश्चिती होत नाही. दैनंदिन जीवनात ही अडचण सहज दूर होते. एकाच आडनावाची अनेक कुटुंबे असलेल्या गावात वडिलांचे नाव, वाडी, वस्ती किंवा टोपणनाव यांवरून माणूस ओळखला जातो. भोसरी-दापोडी परिसरातील लांडेवाडी, फुगेवाडी, गव्हाणे वस्ती ही स्थलनामे अशा कुळनामांची साक्ष देतात. पुढे या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले. एकाच नावाच्या दोन कामगारांना हजेरीपटावर वेगळे करण्याचे काम कारखान्यात टोकन क्रमांकाने केले.

साहित्य आणि इतिहास यांच्या अभ्यासात मात्र असा टोकन क्रमांक उपलब्ध नसतो. तेथे व्यक्ती हयात नसते, तिला ओळखणारी माणसेही नसतात. शिल्लक असते ते केवळ नाव आणि त्या नावावर जमा झालेले लेखन किंवा कार्य. अशा वेळी दोन व्यक्ती एक समजल्या गेल्यास एकीचे श्रेय दुसरीच्या नावावर जाते. याउलट एकच व्यक्ती दोन समजली गेल्यास तिच्या कार्याची एकात्मता नष्ट होते. म्हणून नामसाधर्म्याचा प्रश्न हा केवळ गमतीचा विषय नसून तो संशोधनाच्या विश्वासार्हतेशी निगडित असलेला प्रश्न आहे.

भोसरी हे गाव या दृष्टीने एका विलक्षण भूगोलात वसलेले आहे. येथून दिघीमार्गे आळंदी, मोशीमार्गे चाकण, चिखली-तळवडेमार्गे देहू आणि आळंदीच्या पुढे मरकळमार्गे तुळापूर गाठता येते. या चारही स्थळांशी निगडित असलेल्या नावांच्या बाबतीत नामसाधर्म्याचा प्रश्न कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उपस्थित होतो. त्यामुळे परिसरातील महाविद्यालयांत मराठी व इतिहास शिकविताना या प्रश्नाची जाण असणे विशेष उपयुक्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. नामसाधर्म्य निर्माण होण्यामागील सांस्कृतिक कारणे स्पष्ट करणे.
२. मराठी साहित्य व इतिहासातील निवडक उदाहरणांच्या आधारे नामसाधर्म्याचे प्रकार दाखविणे.
३. ओळखनिश्चितीची साधने व अध्यापनातील त्यांची उपयुक्तता विशद करणे.

नामसाधर्म्याची कारणे

मराठी समाजात नावांची पुनरावृत्ती होण्यामागे प्रामुख्याने तीन कारणे दिसून येतात. पहिले कारण म्हणजे दिवंगत पूर्वजाचे नाव नवजात बालकास देण्याची प्रथा. दुसरे कारण दत्तकविधान, राज्यारोहण आणि विवाह या प्रसंगी नाव बदलण्याची रूढी होय. तिसरे कारण श्रद्धेचे आहे. देवतेचे किंवा संताचे नाव अपत्यास ठेवले जाते, अथवा कवी आपल्या रचनेत आराध्याच्या नावाने मुद्रा घालतो. यांपैकी प्रत्येक कारणामुळे निर्माण होणारे साम्य वेगळ्या स्वरूपाचे असते, म्हणून त्याची उकलही वेगळ्या रीतीने करावी लागते.

संतसाहित्यातील नामसाधर्म्य

मध्ययुगीन मराठी कवितेत कवीच्या ओळखीचे मुख्य साधन म्हणजे नाममुद्रा. मुद्रणपूर्व काळात अभंग मुखपाठाने व हस्तलिखित वह्यांतून पसरत होते. कवीचे नाव रचनेतच गुंफलेले असल्यामुळे कर्तृत्वाची नोंद रचनेबरोबर प्रवास करीत असे. परंतु मुद्रेत केवळ व्यक्तिनाम असल्याने त्याच नावाच्या दोन कवींच्या रचना एकत्र येण्याचा धोका कायम राहिला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण संत नामदेवांचे आहे. ज्ञानदेवांचे समकालीन असलेल्या नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो. सोळाव्या शतकात, म्हणजे एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा या नावाचा दुसरा कवी होऊन गेला. त्याने महाभारत ओवीबद्ध केले आणि आख्यानपर रचना केली. दोघेही स्वतःचा उल्लेख 'नामा' असाच करतात. शिवाय 'विष्णुदास' या शब्दाचा साधा अर्थ विष्णूचा दास असा असल्याने तो कोणत्याही विठ्ठलभक्ताला लावता येतो. परिणामी नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आणि त्या कशा वेगळ्या कराव्यात हा अभ्यासकांपुढील दीर्घकालीन प्रश्न बनला.

या मिश्रणाचा परिणाम केवळ पदांच्या संख्येपुरता मर्यादित नाही. दोन्ही कवींमध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे. नंतरच्या कवीची भाषा आधीच्या कवीची मानली गेल्यास चौदाव्या शतकातील मराठीविषयीची अनुमाने चुकतात. नंतरच्या काळातील भक्तिविचार किंवा सामाजिक संदर्भ आधीच्या काळावर लादले जातात. तसेच विष्णुदास नाम्याचे स्वतंत्र कर्तृत्व झाकोळले जाते ते वेगळेच. महाभारतासारखा विस्तीर्ण विषय मराठीत आणणारा हा कवी सामान्य वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे, याचे एक कारण त्याच्या नावात दडलेले आहे.

नामदेवांच्या बाबतीत प्रश्नाची दुसरी बाजूही आढळते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि पंजाबातील घुमान या गावी त्यांचे स्मारकस्थान आहे. महाराष्ट्रातील नामदेव आणि पंजाबातील नामदेव हे भिन्न असावेत काय, अशी शंका काही अभ्यासकांनी उपस्थित केली होती. तथापि, दोघे एकच असल्याचे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, त्यामागे हीच धारणा होती. एकाच नावाच्या संदर्भात 'दोघांना एक मानण्याची चूक' आणि 'एकाला दोन मानण्याची शंका' अशा दोन्ही बाजू येथे पाहावयास मिळतात.

एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती कल्पिल्या जाण्याचे प्रसिद्ध उदाहरण आळंदीशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवरामपंत भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रातून असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि आळंदीस समाधी घेतलेले अभंगकर्ते ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत. त्यांच्या युक्तिवादाचा मुख्य आधार ग्रंथ व अभंग यांतील भेद हा होता. ज्ञानेश्वरीची भाषा प्राचीन वळणाची, तर अभंगांची भाषा तुलनेने अर्वाचीन वाटते. ज्ञानेश्वरीत नाथपंथीय गुरुपरंपरा ठळक आहे, तर अभंगांत विठ्ठलभक्तीचा प्रकर्ष आहे.

या मतास वारकरी परंपरेतून आणि विद्वानांकडूनही उत्तरे देण्यात आली. आज सर्वसामान्यतः एकच ज्ञानदेव मानले जातात. भाषेतील भेदाचे स्पष्टीकरण संहितांच्या भिन्न प्रवासात सापडते. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. ती ग्रंथरूपाने जतन झाली आणि पुढे एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. अभंग मात्र कीर्तनात व वारीत गायिले जात राहिले. गाणाऱ्यांच्या तोंडी भाषा पिढीगणिक नवी होत जाणे स्वाभाविक आहे. यावरून एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. भाषेतील भेद हा व्यक्तिभेदाचा पुरावा असू शकतो, परंतु संहिता कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आली हे पाहिल्याशिवाय तो निर्णायक मानता येत नाही. भारद्वाजांचा निष्कर्ष मान्य झाला नसला, तरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे ज्ञानदेवांच्या संहितांची चिकित्सा पुढे गेली, हे नमूद करणे उचित ठरेल.

देहूच्या संदर्भात आणखी दोन प्रकार दिसतात. संत तुकारामांचे 'तुका' हे नाव अठराव्या शतकातील तुकाविप्र या कवीच्या नावातही आहे. येथे 'विप्र' या उपपदामुळे भेद स्पष्ट राहतो. दुसरा प्रकार नामसाधर्म्याच्या नेमका उलट आहे. तुकारामांचे अभंग स्वतःच्या मुद्रेने सांगणाऱ्या सालोमालोचा उल्लेख वारकरी परंपरेत येतो. तेथे नाव समान नसून नाव बदलून कर्तृत्व हरण केले जाते. दोन्ही प्रकारांत मूळ मुद्दा एकच आहे, तो म्हणजे रचना कोणाची.

एकोणिसाव्या शतकातील तुकाराम तात्या पडवळ यांचे उदाहरणही येथे लक्षणीय ठरते. 'जातिभेद विवेकसार' हा त्यांचा ग्रंथ १८६१ मध्ये 'एक हिंदू' या नावाने प्रसिद्ध झाला आणि १८६५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती महात्मा फुले यांनी प्रकाशित केली. याच तुकाराम तात्यांनी संत तुकारामांच्या अभंगांची गाथाही १८८९ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कवी आणि प्रकाशक या दोहोंचे नाव तुकाराम असावे, हा योगायोग आहे. परंतु ग्रंथालयातील नोंद निष्काळजीपणे केली गेल्यास दोघांचे ग्रंथ एका नावाखाली जाऊ शकतात.

राजघराण्यांतील नामसाधर्म्य

राजघराण्यांतील नावे योगायोगाने समान होत नाहीत, ती जाणीवपूर्वक पुन्हा ठेवली जातात. भोसले घराण्यात ही प्रथा स्पष्टपणे दिसते. शहाजीराजांचे ज्येष्ठ पुत्र संभाजी हे कनकगिरीच्या लढाईत मृत्यू पावले. त्यानंतर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांना पुत्र झाला, त्याचे नाव संभाजी ठेवण्यात आले. शिवाजी महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले. १६८२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या नातवाचे मूळ नाव शिवाजी होते, तोच पुढे शाहू म्हणून प्रसिद्ध झाला. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या १६८९ मध्ये तुळापूर परिसरात झाली. पुढे १६९८ मध्ये छत्रपती राजाराम महाराज व राजसबाई यांना झालेल्या पुत्राचे नाव पुन्हा संभाजी ठेवले गेले. ताराबाईंच्या पुत्राचे नाव तर शिवाजी होतेच. गेलेल्या व्यक्तीचे नाव घराण्यात परत आणण्याची ही रीत होती.

या पुनरावृत्तीमुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ कसा होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १७३१ चा वारणेचा तह. हा तह शाहू आणि संभाजी यांच्यात झाला, असे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचल्यावर विद्यार्थ्याच्या मनात पिता-पुत्रांची नावे येतात. वास्तविक शाहूंचे वडील संभाजी महाराज त्यापूर्वी ४२ वर्षे दिवंगत झाले होते. तहातील संभाजी हे कोल्हापूरचे छत्रपती असून ते शाहूंचे चुलतभाऊ होत. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या सीमा निश्चित करणारा हा तह समजण्यासाठी 'कोणते संभाजी' हा प्रश्न प्रथम सुटावा लागतो.

शाहू या नावाचेही असेच आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) यांच्या कारकिर्दीत पेशवेपदाचा उत्कर्ष झाला. साताऱ्याच्याच गादीवर १७७७ ते १८०८ या काळात दुसरे शाहू होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये ते दत्तक आले आणि शाहू झाले. १८९४ मध्ये त्यांनी राज्याधिकार स्वीकारला आणि २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. २०२४ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून आलेले शाहू महाराज हे त्याच घराण्यातील आहेत. यावरून असे दिसते की, राजघराण्यात नाव हे व्यक्तीपेक्षा गादीच्या परंपरेचे चिन्ह बनते. म्हणून 'शाहूंनी आरक्षण दिले' किंवा 'शाहूंनी बाजीरावास पेशवेपद दिले' ही दोन्ही विधाने बरोबर असूनही अपुरी आहेत. स्थळ व काळ यांच्या निर्देशाशिवाय ती विद्यार्थ्याला दिशाभूल करणारी ठरतात.

पेशवे घराण्यात तर नावांची जोडीच पुन्हा आलेली दिसते. पहिले बाजीराव आणि त्यांचे बंधू, १७३९ मधील वसईच्या विजयाचे सेनानी चिमाजी आप्पा, ही जोडी सर्वपरिचित आहे. बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव यांच्या दोन पुत्रांची नावेही बाजीराव आणि चिमाजी अशीच होती. हे दुसरे चिमाजी १७९६ मध्ये अल्पकाळ पेशवेपदावर होते. आधीच्या जोडीचे पराक्रमी पर्व नावांतून पुन्हा आणण्याची इच्छा यामागे असावी असे वाटते. परंतु नाव परत आले तरी कर्तृत्व परत येतेच असे नाही, याची साक्ष पेशवाईच्या अखेरच्या इतिहासात मिळते.

स्त्रियांची नावे : ओळखीचा अधिक गुंतागुंतीचा प्रश्न

पुरुषांच्या नावापुढे वडिलांचे नाव व आडनाव जन्मभर कायम राहते. स्त्रीच्या बाबतीत विवाहानंतर आडनाव बदलत असे आणि अनेकदा मूळ नावही बदलले जात असे. त्यामुळे स्त्रियांच्या नामसाधर्म्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

रमाबाई हे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. थोरले माधवराव पेशवे यांच्या पत्नी रमाबाई १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगाव येथे मुक्तिसदनाचे कार्य उभारले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदनाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे आत्मचरित्रपर पुस्तक प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन १९३५ मध्ये झाले. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

यांपैकी पंडिता रमाबाई व रमाबाई रानडे यांच्या बाबतीत गोंधळाची शक्यता सर्वाधिक आहे. दोघी समकालीन होत्या, दोघींचे कार्यक्षेत्र स्त्रीशिक्षण हे होते आणि १८८२ च्या सुमारास पुण्यातील आर्य महिला समाजाच्या कामात दोघी एकत्र होत्या. मात्र दोघींचे मार्ग पुढे भिन्न झाले. एकीने धर्मांतर करून निराश्रित व विधवा स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था उभारली. दुसरीने पतीच्या निधनानंतर हिंदू समाजाच्या चौकटीत राहून संस्थात्मक कार्य केले. 'रमाबाईंनी स्त्रीशिक्षणाचे कार्य केले' या सर्वसाधारण वाक्यात हा भेद आणि त्यामागचा संघर्ष दोन्ही लुप्त होतात.

आनंदीबाई या नावाच्या निमित्ताने नामांतराची रूढी अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत वैद्यकशास्त्राची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे माहेरचे नाव यमुना होते. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. म्हणजे ज्या दोघी विवाहापूर्वी एकाच नावाच्या होत्या, त्या विवाहानंतर भिन्न नावांनी इतिहासात गेल्या. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले आणि बाया कर्वे म्हणून त्या परिचित झाल्या. रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि विसाव्या शतकातील लेखिका आनंदीबाई शिर्के ही याच नावाची आणखी दोन उदाहरणे होत.

येथे एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. या स्त्रियांना आपण ज्या नावाने ओळखतो, ते नाव अनेकदा त्यांच्या जन्माच्या वेळचे नसते. त्यांच्या बालपणाविषयीच्या साधनांत एक नाव, तर कार्याविषयीच्या साधनांत दुसरे नाव असते. अभ्यासकाने दोन्ही नावांची सांगड घातली नाही तर एकाच स्त्रीच्या आयुष्याचे दोन तुकडे होतात. म्हणून स्त्रियांच्या चरित्राभ्यासात माहेरचे नाव, सासरचे नाव आणि पुनर्विवाह झाला असल्यास त्यानंतरचे नाव अशी संपूर्ण नामसाखळी नोंदविणे आवश्यक आहे.

आधुनिक काळ : दोन शरद जोशी

मुद्रण, जन्मनोंद आणि छायाचित्र यांच्या काळात हा प्रश्न संपुष्टात यावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे झाले नाही. याचे उदाहरण भोसरीपासून जवळच असलेल्या चाकण परिसराशी संबंधित आहे.

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा जन्म १९३५ मध्ये साताऱ्यात झाला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी केल्यानंतर ते भारतात परतले आणि चाकणजवळील आंबेठाण येथे त्यांनी शेती घेतली. चाकणच्या कांदा उत्पादकांच्या आंदोलनातून त्यांच्या नेतृत्वाचा उदय झाला. शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारित भाव मिळावा ही मागणी त्यांनी केंद्रस्थानी आणली आणि 'भारत' विरुद्ध 'इंडिया' ही मांडणी केली. २००४ ते २०१० या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. त्यांचे निधन १२ डिसेंबर २०१५ रोजी झाले.

दुसरे शरद जोशी हे हिंदीतील ख्यातनाम व्यंगकार होत. त्यांचा जन्म १९३१ मध्ये उज्जैन येथे झाला व निधन १९९१ मध्ये मुंबईत झाले. 'ये जो है जिंदगी' या दूरदर्शन मालिकेचे लेखन आणि 'नवभारत टाइम्स' मधील 'प्रतिदिन' हे सदर यांमुळे ते घराघरांत पोहोचले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

दोघांचे नाव व आडनाव एक, दोघे समकालीन, दोघेही लेखक आणि दोघांची लिपी देवनागरी. साम्य येथेच थांबत नाही. व्यंगकार शरद जोशी यांची 'जीप पर सवार इल्लियाँ' ही रचना हरभऱ्याच्या पिकावर पडलेल्या अळ्या आणि त्यांची पाहणी करण्यास आलेले शासकीय अधिकारी यांवरील उपरोधिक लेखन आहे. शेती आणि शासनयंत्रणा यांवरील हे व्यंग केवळ नावानिशी समोर आले, तर ते शेतकरी नेत्याचेच असावे असा समज कोणाचाही होईल. येथे विषयाचे साम्यही फसवे ठरते. म्हणजे 'विषय जुळतो, म्हणून लेखक तोच' हे अनुमान सुरक्षित नाही. लेखनाची भाषा, प्रथम प्रकाशनाचे स्थळ व वर्ष आणि लेखकाचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव तपासल्यावरच निर्णय करता येतो.

अशीच स्थिती कथाकार अरविंद गोखले (१९१९–१९९२) आणि 'केसरी'चे माजी संपादक, पत्रकार अरविंद व्यं. गोखले यांच्या बाबतीत आढळते. दुसऱ्या नावातील 'व्यं.' हे एक अक्षर येथे मोठे काम करते. मराठीत लेखकाचे नाव आद्याक्षरांसह देण्याची जी पद्धत रूढ आहे, तिची उपयुक्तता अशा वेळी लक्षात येते. अलीकडे आद्याक्षरे गाळून केवळ नाव व आडनाव छापण्याकडे कल वाढला आहे. तो सुटसुटीत असला तरी ओळखनिश्चितीच्या दृष्टीने हानिकारक आहे.

ओळखनिश्चितीची साधने

वरील उदाहरणांवरून ओळखनिश्चितीसाठी पुढील कसोट्या मांडता येतात.

१. कालनिर्देश : जन्म-मृत्यूची वर्षे ही सर्वांत सोपी कसोटी होय. ती उपलब्ध नसल्यास रचनेतील नंतरच्या व्यक्तींचे किंवा घटनांचे उल्लेख तपासावेत.
२. स्थलनिर्देश : गाव, गादी, संस्थान किंवा कार्यक्षेत्र यांचा उल्लेख नावाबरोबर करावा.
३. परंपरानिर्देश : संतकवींच्या बाबतीत गुरुपरंपरा, आराध्यदैवत व मुद्रेतील उपपद यांचा विचार करावा.
४. भाषिक कसोटी : शब्दरूपे व वाक्यरचना तपासावी. मात्र संहितेच्या संक्रमणाचा इतिहास लक्षात घेऊनच निष्कर्ष काढावा.
५. नामसाखळी : दत्तक, विवाह किंवा टोपणनाव यांमुळे बदललेली सर्व नावे एकत्र नोंदवावीत.

यांपैकी कोणतीही एक कसोटी स्वतंत्रपणे पुरेशी नसते. ज्ञानदेवांच्या बाबतीत केवळ भाषिक कसोटीवर भर दिल्याने वाद निर्माण झाला. शरद जोशी यांच्या बाबतीत केवळ विषयाच्या साम्यावर विसंबल्यास चूक होऊ शकते. किमान दोन स्वतंत्र कसोट्या एकाच निष्कर्षाकडे नेत असतील, तरच तो निष्कर्ष स्वीकारणे इष्ट ठरते.

ग्रंथालयशास्त्राने या प्रश्नाचा विचार पूर्वीपासून केला आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३४ मधील 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' मध्ये एकाच नावाच्या लेखकांना वेगळे करण्यासाठी जन्मवर्षाची जोड देण्याची व्यवस्था आहे. त्यानुसार पाहिल्यास शरद जोशी १९३१ आणि शरद जोशी १९३५ हे आपोआप वेगळे होतात. संशोधकांसाठी २०१२ पासून ऑर्किड ही सोळा अंकी ओळख-क्रमांकाची व्यवस्था उपलब्ध आहे. कारखान्यातील टोकन क्रमांकाचेच हे विद्याक्षेत्रातील रूप म्हणता येईल. देशपांडे, कुलकर्णी, पाटील, जाधव अशी बहुसंख्य आढळणारी आडनावे असलेल्या मराठी प्राध्यापकांना तर तिची विशेष गरज आहे. कारण एका प्राध्यापकाचा शोधनिबंध त्याच नावाच्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणे, किंवा रोमन लिपीतील वर्णभेदामुळे एकाच व्यक्तीचे लेखन दोन नावांखाली विभागले जाणे, हे सहज घडू शकते. विष्णुदास नाम्याच्या वाट्याला जे आले, ते आजच्या संशोधकाच्या वाट्यालाही येऊ शकते.

अध्यापनातील उपयोजन

पदवी स्तरावरील विद्यार्थी आज माहितीसाठी प्रामुख्याने संगणकीय शोधावर अवलंबून असतात. शोधयंत्र नाव जुळविते, व्यक्ती जुळवीत नाही. त्यामुळे प्रकल्पलेखनात एका व्यक्तीची जन्मतारीख, दुसरीचे छायाचित्र आणि तिसरीची ग्रंथसूची एकत्र येण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या पृष्ठावर अभ्यासविषय असलेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव, पर्यायी नावे, जन्म-मृत्यूची वर्षे, कार्यस्थळ आणि 'या नावाच्या अन्य व्यक्ती' अशी पाच नोंदींची ओळखपट्टी देण्याचा प्रघात सुरू करता येईल. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. ती लिहिताना विद्यार्थ्याला आपण कोणाविषयी लिहीत नाही आहोत, हेही निश्चित करावे लागते.

निष्कर्ष

१. मराठी साहित्य व इतिहासातील नामसाधर्म्य बव्हंशी आकस्मिक नसून त्यामागे पूर्वजांचे नाव ठेवणे, दत्तक, विवाह व भक्ती या सांस्कृतिक प्रथा आहेत.
२. नामसाधर्म्यातून दोन प्रकारच्या चुका संभवतात. अनेक व्यक्ती एक मानल्या जातात, किंवा एक व्यक्ती अनेक मानली जाते. दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत.
३. स्त्रियांच्या बाबतीत नामांतराच्या रूढीमुळे ओळखनिश्चिती अधिक कठीण होते, म्हणून संपूर्ण नामसाखळीची नोंद आवश्यक ठरते.
४. आधुनिक काळातही हा प्रश्न कायम असून जन्मवर्ष, आद्याक्षरे व ओळख-क्रमांक ही त्यावरील व्यवहार्य साधने आहेत.

समारोप

एखाद्या व्यक्तीचे कार्य तिच्याच नावावर राहणे हा तिचा किमान न्याय्य हक्क आहे. विष्णुदास नाम्याचे महाभारत, बाया कर्वे यांचे मूळ नाव, चाकणच्या कांदा उत्पादकांबरोबर उभे राहिलेले शरद जोशी आणि उज्जैनहून आलेले व्यंगकार शरद जोशी यांची स्वतंत्र ओळख जपणे हे अध्यापक व संशोधक यांचे कर्तव्य होय. नाव समान असले तरी प्रत्येकाचे आयुष्य स्वतंत्र असते, ही जाणीव विद्यार्थ्यांमध्ये निर्माण करणे हे मानव्यविद्यांच्या अध्यापनाचे एक मूलभूत कार्य आहे, असे म्हणता येईल.